क्षार, काळी वाळू आणि धातुशोधक यंत्र

बारामती-इंदापूरकडचा एखादा हौशी गृहस्थ, दिवाळीच्या नाहीतर मे महिन्याच्या सुटीत सहकुटुंब हर्णै, गुहागर वा गणपतीपुळ्याकडे जावयाचे ठरवून, वाळूत गडप झालेली नाणी, अंगठ्या आणि अन्य चीजवस्तू हुडकण्याच्या हौसेने धातुशोधक यंत्र विकत घेण्यास निघाला, तर तो दुकानदारास पहिला प्रश्न बहुधा असा करील की, हे यंत्र किती हात खोलवरचे सोने दाखविते? हा प्रश्न स्वाभाविक असला तरी अप्रस्तुत आहे. यंत्राची पारख धातूवरून करण्याआधी ती जमिनीवरून करावी लागते. कारण ज्या भूमीवर ते चालवावयाचे ती भूमीच जर यंत्राशी अखंड बोलत राहिली, तर तिच्या बोलण्यातून सोन्याचा क्षीण आवाज वेगळा काढणे हेच यंत्राचे खरे काम होऊन बसते. समुद्राकाठची ओली पुळण ही अशी बोलभांड भूमी आहे, आणि तिच्या स्वभावाचा अर्धाअधिक परिचय नीरेच्या खोऱ्यातील शेतकऱ्यास सागरदर्शनावाचूनही घडलेला असतो, हेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

१८७६–७७ च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारने नीरेचा डावा कालवा हाती घेतला आणि १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांतील शिवारांत खेळू लागले. कोरडवाहू बाजरी-ज्वारीच्या मुलखात ऊस उभा राहिला, पण बारमाही पाण्याचा निचरा न झाल्याने, भूगर्भातील क्षार ओलीच्या वाटेने वर चढून पृष्ठभागावर साचण्याचा क्रमही त्याच वेळी सुरू झाला. पंचवीस वर्षे लोटतात न लोटतात तोच हा प्रकार इतक्या थराला गेला की, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे तत्कालीन प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र शास्त्रीय अभ्यास करून तो १९१० साली प्रसिद्ध केला. (हेच मॅनसाहेब पुढे दख्खनच्या खेड्याची आर्थिक पाहणी करणारे म्हणून अधिक नावाजले, त्यांचे हे खाऱ्या जमिनीचे काम मात्र आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही.) बारामतीनजीक माळेगाव येथे २००९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेच्या अभ्यासविषयांतही दुष्काळाच्या जोडीला क्षारांचा प्रश्न आहेच. चोपण, खारवट, क्षारपड, पाणथळ हे शब्द इकडच्या शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातले आहेत, आणि उन्हाळ्यात शेताच्या खोलगट कोपऱ्यात मीठ फुटले म्हणजे त्यास काय समजावयाचे ते कोणी सांगावे लागत नाही.

आता यंत्राकडे वळू. दांड्याच्या टोकाशी बसविलेल्या थाळीसारख्या चकतीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. व्यवहारात या चकतीला कॉइल म्हणतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा पालटणारा विद्युत्प्रवाह सोडला असता जमिनीत तेवढ्याच वेगाने पालटणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, त्या क्षेत्रात सापडलेल्या धातूच्या वस्तूत भोवऱ्याप्रमाणे फिरणारे प्रवाह उमटतात, आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र दुसरे वेटोळे टिपून घेते. तत्त्व जुने आहे. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या देहात रुतलेली गोळी याच तत्त्वाच्या उपकरणाने शोधू पाहिली होती आणि ती त्यास सापडली नाही. या अपयशाचे एक कारण म्हणून रुग्णाच्या बिछान्यातील पोलादी स्प्रिंगांकडे बोट दाखविले जाते. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की याने भूसुरुंग शोधण्याचे जे सुटसुटीत यंत्र तयार केले, ते उत्तर आफ्रिकेच्या रणांगणावर दोस्त सैन्याच्या फार उपयोगी पडले. आजची हौशी यंत्रे हा त्याच घराण्याचा विस्तार होय.

अडचण अशी की, भोवऱ्यासारखे प्रवाह केवळ धातूतच उमटतात असे नाही. वीज वाहून नेणाऱ्या कोणत्याही पदार्थात ते उमटतात, आणि मिठाचे पाणी वीज उत्तम वाहून नेते. एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याची विद्युत्वाहकता मीटरमागे सुमारे ५० डेसिसीमेन्स भरते. मृदाशास्त्रज्ञ जमिनीच्या अर्काची वाहकता याच मापाने ४ च्या वर गेली की ती जमीन खारी म्हणून नोंदवितात; म्हणजे ज्या मर्यादेपाशी आपल्या शेताला खारे म्हणण्यास प्रारंभ होतो तिच्या बारापट खारेपणा समुद्राच्या पाण्यात असतो. अशा पाण्याने तुडुंब भिजलेल्या वाळूवरून कॉइल फिरविली की तिच्याखालची सगळी पुळणच एक विशाल, विरल धातू असल्यासारखी उत्तर देऊ लागते, आणि यंत्र वस्तूवाचूनच किरकिरत राहते. मात्र कोरडे मीठ या बाबतीत निरुपद्रवी आहे. बांधाच्या कडेला फुटलेली पांढरी खार अगदी वाळलेली असेल तर ती यंत्रास जाणवतही नाही. ओल आणि क्षार एकत्र आले म्हणजेच उपद्रव सुरू होतो. याच कारणाने भरतीच्या रेषेपलीकडील कोरड्या वाळूत बहुतेक कोणतेही साधे यंत्र बरे चालते आणि पाण्याच्या दिशेने थोडे खाली उतरताच त्याची मती कुंठित होते.

येथे दुसरा एक पदार्थ हजर होतो, आणि त्याची गाठ घालून दिल्याशिवाय कोकणच्या किनाऱ्याची निवड परदेशी सल्ल्यावर करणे धोक्याचे ठरेल. दख्खनचा काळा पाषाण, अर्थात बेसाल्ट, हा लोहयुक्त असून त्यात मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे कण असतात. इंदापूरकडच्या एखाद्या ओढ्याच्या वाळूतून जुन्या ध्वनिक्षेपकातील लोहचुंबक फिरविला तर त्याच्या कडेला काळ्या कणांची दाट मिशी उगवते. तेच हे कण. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून धावणाऱ्या आखूड नद्या हाच माल समुद्रात नेऊन टाकतात आणि लाटा तो वेगळा पाखडून किनाऱ्यावर थरांनी मांडतात. रत्नागिरी जिल्ह्यात काळबादेवी, मालगुंड, पूर्णगड या परिसरातील काळी वाळू इल्मेनाइटसाठी भूवैज्ञानिकांना सुपरिचित आहे, आणि त्या इल्मेनाइटच्या संगतीस मॅग्नेटाइटही असतोच. फ्लोरिडाच्या पांढऱ्या स्फटिकवाळूवर ज्या यंत्राची स्तुतिस्तोत्रे गायिली जातात त्याला केवळ मिठाशी सामना करावा लागला होता; आपल्याकडे मीठ आणि काळी वाळू ही दोन्ही दैवते एकाच वेळी प्रसन्न करावी लागतात.

ती एकाच वेळी प्रसन्न होणे का कठीण, हा या विषयाचा गाभा आहे. मॅग्नेटाइटचा प्रतिसाद चुंबकत्वाचा असल्यामुळे तो यंत्राने सोडलेल्या क्षेत्राच्या पावलावर पाऊल टाकून येतो. मिठाचा प्रतिसाद विद्युत्वहनाचा असल्यामुळे तो त्या क्षेत्राशी आवर्तनाच्या चतुर्थांशाइतके अंतर राखतो. जमिनीचा प्रतिसाद वजा करण्याची जी सोय बहुतेक यंत्रांत असते, आणि जिला सगळे ग्राउंड बॅलन्स म्हणतात, ती एकाच कंप्रतेवर, म्हणजे सेकंदाला दिशा पालटण्याच्या एकाच वेगावर, चालणाऱ्या यंत्रात या दोहोंपैकी एकालाच गप्प करू शकते. मिठावर तोल साधला की काळी वाळू गर्जते, काळ्या वाळूवर साधला की मीठ. पण या दोन प्रतिसादांत आणखी एक भेद आहे: कंप्रता दुप्पट केली असता मिठाचा प्रतिसाद जवळजवळ दुप्पट होतो, मॅग्नेटाइटचा मात्र होता तसाच राहतो. तेव्हा एकाच वेळी दोन अथवा अधिक कंप्रतांवर उत्तरे घेऊन त्यांचा हिशेब मांडला, तर मीठ किती, लोह किती आणि उरलेला धातू किती, हे यंत्रास वेगळे करता येते. फिशर कंपनीच्या सीझेड मालिकेने ५ आणि १५ किलोहर्ट्झ अशा दोन कंप्रतांवर हे साधले. मिनेलॅब या ऑस्ट्रेलियन कंपनीने १९९० च्या दशकात सॉव्हरिन व पुढे एक्सकॅलिबर या यंत्रांत अनेक कंप्रता आणल्या, आणि २०१८ मध्ये बाजारात आलेल्या तिच्या इक्विनॉक्सपासून ही सोय तुलनेने हलक्या व आटोक्यातल्या किमतीच्या यंत्रांतही मिळू लागली. जाहिरातीत एक दगा लपलेला असतो, तो ध्यानी ठेवावा: कित्येक यंत्रांत कंप्रता अनेक असतात, परंतु निवडून एका वेळी एकच चालविता येते. ती सोय शेतात उपयोगी, समुद्रावर नव्हे. गॅरेट कंपनीचे एटी प्रो हे १५ किलोहर्ट्झचे एककंप्रती यंत्र गोड्या पाण्यात आणि माळरानावर नामांकित आहे. त्यास ओल्या पुळणीवर नेऊन त्याची संवेदनशीलता निम्म्याने उतरवावी लागली तर दोष यंत्राचा नव्हे, नेणाऱ्याचा.

दुसरा मार्ग मुळातच निराळा आहे. यात प्रवाह अखंड न सोडता त्याचा एक ठोका देतात, तो एकाएकी तोडतात, काही मायक्रोसेकंद स्वस्थ बसतात आणि मग कान देतात. मिठाच्या पाण्यातील प्रवाह दहाएक मायक्रोसेकंदांतच विरून जातात, सोन्याच्या अंगठीतले त्याहून बराच काळ आणि चांदीच्या जाड नाण्यातले तर फारच काळ रेंगाळतात. म्हणून मीठ गप्प झाल्यावर ऐकू येते ते बहुधा धातूचेच असते. पल्स इंडक्शन नावाची ही पद्धत इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात पुरातत्त्वशोधनाच्या निमित्ताने विकसित झाली. गॅरेटचे सी हंटर हे या जातीचे यंत्र पाणबुड्यांना साठेक मीटर खोल नेता येते. खोली, काळी वाळू आणि मीठ या तिन्ही बाबतींत ही जात सरस. पण लोखंड आणि सोने यांत ती भेद करीत नाही, आणि आपल्या गजबजलेल्या किनाऱ्यांवर, जेथे बाटल्यांची बुचे, आणि बोटींच्या दुरुस्तीत पडलेले खिळे व नट यांची रेलचेल, तेथे प्रत्येक टणत्काराला खड्डा खणणाऱ्या माणसाचे दुपारपर्यंत कंबरडे मोडते. शिवाय अगदी बारीक सोन्याचे प्रवाह मिठाइतकेच लवकर विरतात, तेव्हा मीठ वगळताना ते सोनेही वगळले जाते.

याचा आपल्या दागिन्यांशी प्रत्यक्ष संबंध आहे. जाड, सलग वळ्याची अंगठी यंत्रास सर्वांत सोपी, कारण प्रवाहाला फिरण्यास त्यात पूर्ण वर्तुळ मिळते. मंगळसूत्राचे तसे नाही. बारीक साखळीच्या प्रत्येक कडीत यंत्राला जणू एक स्वतंत्र, क्षुद्र वस्तू दिसते. कड्याकड्यांतील स्पर्श इतका अपुरा असतो की सबंध साखळीतून एक प्रवाह फिरतच नाही. म्हणून दोन-तीन तोळ्यांची साखळी हुकते आणि तिला लटकलेल्या वाट्या सापडतात. खाऱ्या वाळूत तर त्या साखळीचा क्षीण सूर मिठाच्या सुरात इतका मिसळून जातो की, इंदापूरच्या आठवडे बाजारातील गलबल्यात कोणी हळू आवाजात हाक मारावी तसे होते. नाण्यांची कथा आणखी चमत्कारिक. आपली हल्लीची एक आणि दोन रुपयांची नाणी ही लोहचुंबकास चिकटणाऱ्या पोलादाची आहेत. लोखंड वगळण्याची कळ, जिला डिस्क्रिमिनेशन म्हणतात, ती दाबली की जंगलेल्या खिळ्यांबरोबर चालू सरकारी नाणीही गायब होतात. परदेशी पुस्तिकांत छापलेले नाण्यांचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू करू नयेत ते यासाठीच. अ‍ॅल्युमिनियमची झाकणे आणि सोन्याची अंगठी यांचे आकडे मात्र सगळ्या जगात एकमेकांत गुंतलेले आहेत. झाकणे टाळणारा मनुष्य सोनेही टाळतो.

यंत्र घेण्यापूर्वी, अथवा घेतल्यावर मुदतीत परत करण्याची सवलत असेल तर तेवढ्या अवधीत, ते समुद्रावर नेण्याची गरज नाही; कालव्याखालचे स्वतःचे किंवा शेजाऱ्याचे खारावलेले रान पुरे होते. पाणी पाजून दोन दिवस झालेल्या, पाय ठेवताच किंचित चिकटणाऱ्या कोपऱ्यात उभे राहावे, कमरेचा पट्टा, हातातली अंगठी आणि खिशातला मोबाइल दूर ठेवावा, कॉइल गुडघ्याच्या उंचीवरून जमिनीलगत आणावी आणि पुन्हा वर न्यावी. असे खाली-वर करताना आवाज चढत-उतरत असेल तर ग्राउंड बॅलन्स करून पाहावा; त्यानंतरही किरकिर शमली नाही तर संवेदनशीलता एकेक घर उतरवीत जावी आणि कोणत्या घरावर शांतता होते ते लिहून ठेवावे. मग ज्वारीच्या ताटाच्या टोकाला सोन्याची अंगठी दोऱ्याने बांधून, ते ताट जमिनीवर आडवे ठेवून, त्यावरून कॉइल फिरवावी आणि ती कितपत उंच नेली तरी सूर टिकतो हे मोजावे; हेच कोरड्या माळावर पुन्हा करावे. दोन्ही ठिकाणच्या मापांतील तफावत ही त्या यंत्राची मिठापुढील खरी किंमत होय. आधी सांगितल्याप्रमाणे समुद्र शेताहून पुष्कळच खारा असल्यामुळे शेतात उत्तीर्ण झालेले यंत्र किनाऱ्यावर उत्तीर्ण होईलच असा निर्वाळा देता येत नाही. परंतु शेतातच जे गांगरले त्याला कोकण दाखविण्यात अर्थ नाही.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. इंग्रजी डी अक्षराच्या दोन आकृत्या एकमेकींवर ठेवल्यासारखी रचना असलेली कॉइल काळ्या वाळूत अधिक स्थिर राहते. खोलीच्या लोभाने अवाढव्य कॉइल घेतली तर तिच्याखाली मीठही तेवढेच अधिक येते. दहा-अकरा इंचांची पुरे. केवळ कॉइल जलाभेद्य आहे की सबंध यंत्र, हे दुकानात स्पष्ट विचारावे, कारण लाट कॉइलपुरती थांबत नाही. बिनतारी हेडफोनचे संदेश पाण्याखाली वितभरही पोहोचत नाहीत, म्हणून पाण्यात उतरावयाचे तर तारेचाच हेडफोन हवा. जाळीचे पोलादी फावडे नसेल तर पाण्यातली वस्तू हाती येण्याआधी खड्डा भरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतरची मोठी ओहोटी साधावी. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी फारसे मागे हटत नाही. घरी परतल्यावर यंत्र गोड्या पाण्याने धुवावे, नाहीतर सांध्यांतले स्क्रू पुढल्या सुटीपर्यंत जाम होतात. आणि वेळास, आंजर्ले, गुहागर येथील पुळणींवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. त्या काळात तेथे फावडे चालविणे हा अविवेक आहे.

आपल्या परिसरातच दुसरा एक मोह आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याखाली इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची गावेच्या गावे गेली. पाणी फार ओसरले म्हणजे, जसे ते २०२४ च्या उन्हाळ्यात ओसरले, पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि गाळपेरीच्या रानांतून जुन्या वस्तीच्या खुणा दिसू लागतात. उजनीचे पाणी गोडे, त्यामुळे तेथे साधे यंत्रही चालेल. पण यंत्र चालते म्हणून आपण चालावे असे नाही. ती जमीन सरकारने संपादन केलेली आहे, मंदिर पुरातन आहे आणि वस्तूचे स्थान हरवले की तिचा इतिहासही हरवतो. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून अमलात आहे: जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास कलेक्टरकडे लेखी वर्दी देणे सापडणाऱ्यास बंधनकारक असून, वर्दी न दिल्यास त्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद अथवा दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. दिवेआगर येथे १९९७ साली समुद्रालगतच्या एका वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. तो गुप्तपणे वितळविला न जाता गावाच्या देवळात पुजला गेला, तो याच जाहीर वाटेने. २०१२ साली तेथे दरोडा पडून तो चोरीस गेला, ही गोष्ट वेगळी. काल-परवा कोणाच्या बोटातून निसटलेली अंगठी मात्र निखात निधी नव्हे. ती परक्याची मालमत्ता आहे, आणि मालकाचा वाजवी शोध न घेता ती स्वतःकडे ठेवणे हा फौजदारी अपराध ठरतो. जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करावी आणि पावती घ्यावी.

तेव्हा माझा अभिप्राय असा. बारामती-इंदापुरात राहून वर्षातून एक-दोनदाच कोकणात जाणाऱ्याने, एरवी तेच यंत्र घरच्या शेतात हरवलेली पहार अगर नांगराचा फाळ हुडकण्यासही उपयोगी पडावे म्हणून, एकाच वेळी अनेक कंप्रतांवर चालणारे, सबंध जलाभेद्य असे मध्यम किमतीचे यंत्र घ्यावे. पल्स इंडक्शनच्या वाटेस त्याने जाऊ नये; ते ज्याचे घर समुद्राकाठी आहे आणि ज्यास खड्डे खणण्याचा कंटाळा नाही त्याच्यासाठी. आणि स्वस्तात मिळते म्हणून एककंप्रती यंत्र घ्यावयाचे असेल तर खुशाल घ्यावे, मात्र ते भरतीच्या रेषेच्या वरच, कोरड्या पुळणीत चालवावे.